वूव्रे घेताय? आधी गोडी विचारा

वाइनच्या दुकानात जाऊन नुसतं "एक वूव्रे द्या" म्हणणं म्हणजे टपरीवर "एक चहा" म्हणून बिनसाखरेचा येतो की अमृततुल्य, हे नशिबावर सोडणं. फ्रान्समधल्या या एका गावाच्या नावाने साखरेचा मागमूस नसलेली वाइन विकली जाते, किंचित गोड विकली जाते, मधासारखी गोड विकली जाते आणि फेसाळणारीही विकली जाते. द्राक्ष एकच, जमीन एकच, लेबलवरचं मोठं नावही एकच. म्हणून नवख्या माणसाची पहिली चूक बहुतेक ठरलेली असते: माशाबरोबर प्यायला बाटली आणली आणि ती निघाली जेवणानंतरची गोड वाइन.

बाटलीची गोडी एकदा कळली की पुढचं सगळं त्यावरून ठरतं: किती थंड करायची, कशाबरोबर प्यायची, किती वर्षं ठेवायची. हा लेख त्याच क्रमाने जातो.

गाव, नदी आणि खडक

वूव्रे हे ल्वार नदीच्या उजव्या काठावरचं गाव, तूर शहरापासून पूर्वेला साधारण १० किलोमीटरवर. वूव्रे हे नाव १९३६ पासून कायद्याने बांधलेलं आहे. वूव्रे, रोशकोर्बों, व्हेर्नू, नुआझे अशा आजूबाजूच्या मोजक्या गावांच्या हद्दीतल्या द्राक्षांची वाइनच हे नाव लावू शकते. लागवड सुमारे २२०० हेक्टर. नदीच्या पलीकडे, डाव्या काठावर मोंलुई आहे. तिथेही हेच द्राक्ष आणि जवळपास तशीच वाइन, पण नाव वेगळं. खिशाला थोडी हलकी वूव्रे शोधत असाल तर मोंलुईची बाटली बघायला हरकत नाही.

इथल्या जमिनीखाली तुफो नावाचा मऊ, पिवळसर पांढरा चुनखडक आहे. भूगर्भशास्त्रात ज्या कालखंडाला ट्युरोनियन म्हणतात, त्याचं नाव या तूर परिसरावरूनच पडलं. खडकाचं वय सुमारे ९ कोटी वर्षं. ल्वारकाठचे राजवाडे याच दगडाचे, आणि तो काढून काढून डोंगरकड्यांत जी भुयारं झाली तीच आज वाइनची तळघरं आहेत. उन्हाळा असो की हिवाळा, आतलं तापमान १२ अंशांच्या आसपास. काही कुटुंबं आजही कड्यात कोरलेल्या घरांत राहतात.

तुफोच्या वरच्या मातीचे दोन प्रकार स्थानिक लोक वेगळे ओळखतात. उतारावरची चुनखडीमिश्रित चिकणमाती म्हणजे ओब्वी. तिच्यातली वाइन भरदार होते. गारगोटीचे खडे असलेली चिकणमाती म्हणजे पेर्रूश. तिच्यातली वाइन अधिक टोकदार आणि ताठ. नवख्याने हे पाठ करायची गरज नाही. पण एकाच घराण्याच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून प्यायची संधी आली तर फरक कुठून आला हे कळेल. ह्युए या नामांकित घराण्याचे तीन मळे आहेत: ल ओ-ल्यू, ल मों आणि क्लो द्यू बूर. तिन्हींची वाइन ते वेगवेगळी भरतात, आणि हा फरक चाखायला त्याहून सोपा धडा नाही.

द्राक्ष आपल्या ओळखीचंच

द्राक्ष आहे शेनिन ब्लाँ. नियमाने मन्यू पिनो हे दुसरं द्राक्ष थोडं मिसळायला परवानगी आहे, पण व्यवहारात बहुतेक बाटल्या निव्वळ शेनिनच्या. नाशिकची वाइन प्यायलेल्या माणसाला हे नाव नवीन नाही. सुलाने २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या त्यात सोव्हिन्यों ब्लाँबरोबर शेनिन ब्लाँही होतं.

तरीही नाशिकची शेनिन आवडते म्हणून वूव्रे घेणाऱ्याला धक्का बसतो. कारण हवामानात आहे. नाशिकला वेल कधी पूर्ण झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी, मग पावसाळ्याच्या शेवटी गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, चढत्या उन्हात. साखर झपाट्याने भरते आणि मण्यातलं आम्ल तितक्याच झपाट्याने उतरतं. वाइन सौम्य, फळांच्या वासाची, पहिल्याच वर्षी प्यायची. ल्वारकाठी वेल थंडीभर निष्पर्ण उभी असते, छाटणी वर्षातून एकदाच, आणि तोडणी सप्टेंबरपासून कधीकधी नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत लांबते. मणी सावकाश पिकतो आणि आम्ल टिकून राहतं. वूव्रेचा कणा म्हणजे हे आम्ल. गोड वूव्रेसुद्धा जिभेवर चिकट वाटत नाही आणि चांगली बाटली पन्नास वर्षं जगते, त्याचं कारणही हेच.

शेनिनचे घड एका वेळी पिकत नाहीत. म्हणून चांगले बागायतदार एकाच मळ्यात तीन-चार वेळा फिरून तोडणी करतात. आधी तोडलेली आंबट द्राक्षं फेसाळ वाइनला जातात, नंतरची ड्राय, म्हणजे गोडी नसलेल्या वाइनला, मग पुढची थोड्या गोडीच्या वाइनला. शरद ऋतूत ल्वार आणि तिच्या उपनद्यांवरून सकाळी धुकं चढतं आणि दुपारी ऊन पडतं, तेव्हा मण्यांवर बोट्रिटिस ही बुरशी धरते. भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांनी झोप उडालेल्या आपल्या बागायतदाराला हे विचित्र वाटेल, पण इथे ही बुरशी हवीशी असते. ती सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, मणी सुकतो, आणि साखर व आम्ल दोन्ही दाट होतात. त्यातून मधाच्या आणि सुक्या जर्दाळूच्या चवीची गोड वाइन निघते. मात्र पाऊस लागला तर हीच बुरशी घड सडवते. त्यामुळे गोड वूव्रे दरवर्षी होत नाही. १९४७, १९५९, १९८९, १९९० ही वर्षं त्यासाठी आजही नावाने घेतली जातात.

निसर्गाचा फटका इथेही चुकत नाही. जून २०१३ मध्ये गारपिटीने मळे झोडपले. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ल्वारच्या खोऱ्यात कोवळे कोंब गोठलेल्या दवाने जळले. अशा वर्षांच्या बाटल्या कमी आणि महाग असतात, वाईट असतात असं नाही.

लेबल वाचायचं कसं

पहिल्यांदा बाटली हलकेच तिरकी करून तिचा प्रकार ओळखा. बूच तारेच्या जाळीने बांधलेलं आणि काच जाड असेल तर वाइन फेसाळ. वूव्रेची निम्म्याहून जास्त वाइन फेसाळच बनते, त्यामुळे ही शक्यता मोठी आहे.

साध्या, म्हणजे न फेसाळणाऱ्या बाटलीवर पुढच्यापैकी एक शब्द शोधा. उच्चार आणि अक्षरं जुळत नाहीत, म्हणून अक्षरंही दिली आहेत.

सेक (एस-ई-सी): ड्राय. लिटरमागे साखर ८ ग्रॅमपर्यंत. १५० मिलिलिटरच्या ग्लासात एक ग्रॅमच्या आसपास. जिभेला जाणवतही नाही.

दमी-सेक (आधी डी-ई-एम-आय): अर्धवट गोड. लिटरमागे साधारण १८ ग्रॅमपर्यंत. ग्लासात अर्धा चमचा साखर समजा. आम्ल इतकं असतं की पहिल्या घोटाला ती गोड वाटते आणि गिळल्यावर ड्राय वाटते.

म्वालो (सुरुवात एम-ओ-ई-डबल एल): गोड, लिटरमागे ४५ ग्रॅमपर्यंत. आपण चहात घालतो त्या दीड चमच्याएवढी साखर एका ग्लासात.

दू (डी-ओ-यू-एक्स): ४५ च्या वर. फार चांगल्या वर्षीच, आणि थोडीच.

काही घराणी दमी-सेक आणि सेक यांच्या मधल्या वाइनला सेक-तांद्र म्हणतात, म्हणजे 'मऊ ड्राय'. हा कायदेशीर शब्द नाही, सवयीचा आहे. भारतीय जेवणाबरोबर प्यायला नवख्याने कुठून सुरुवात करावी असं विचारलं तर आमचं उत्तर हेच: सेक-तांद्र किंवा हलकी दमी-सेक.

आता सापळा. फेसाळ बाटलीवर हेच शब्द वेगळ्या मापाने वापरतात. ब्रूत म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमच्या आत. पण फेसाळ 'सेक' म्हणजे १७ ते ३२ ग्रॅम, आणि फेसाळ 'दमी-सेक' म्हणजे ३२ ते ५०. म्हणजे फेसाळ दमी-सेक ही साध्या म्वालोइतकी गोड असू शकते. ड्राय फेसाळ हवी असेल तर डोळे झाकून ब्रूत घ्या. पेतियाँ हा शब्द दिसला तर फेस कमी आणि मऊ. बाटलीतला दाब पूर्ण फेसाळ वाइनपेक्षा बराच कमी. फेसाळ वूव्रे शँपेनच्याच पद्धतीने, दुसरं किण्वन बाटलीतच करून बनते आणि यीस्टच्या गाळावर किमान १२ महिने पडून राहते.

लेबलवर गोडीचा शब्दच नसेल तर? तसं होतं, विशेषतः जुन्या बाटल्यांवर. मग दुकानदाराला थेट लिटरमागे किती ग्रॅम साखर आहे ते विचारा. त्याला माहीत नसेल तर अल्कोहोलचा आकडा थोडा आधार देतो: त्याच घराण्याच्या, त्याच वर्षाच्या दोन बाटल्यांत १४ टक्क्यांची सेक आणि ११.५ ची गोड असण्याची शक्यता जास्त, कारण गोड वाइनमध्ये साखर अल्कोहोल न होता शिल्लक राहिलेली असते. खात्री मात्र नाही. खात्री हवी तर बाटली परत फळीवर ठेवा.

एक शेवटची गंमत. फ्रांस्वा शिदेन या बागायतदाराचे मळे वूव्रेत, पण तळघर नदीपलीकडे मोंलुईत. वाइन हद्दीबाहेर बनते म्हणून २०१४ पासून त्याला वूव्रे हे नाव लावता येत नाही. बाटलीवर फक्त 'व्हँ द फ्रांस', म्हणजे 'फ्रान्सची वाइन', असतं. 'ले आर्जील' नावाची त्याची बाटली दिसली तर आतली द्राक्षं वूव्रेचीच आहेत.

किती थंड, किती वेळात

ब्रूत ७ ते ८ अंश, सेक १० अंशांच्या जवळपास, दमी-सेक आणि म्वालो १० ते १२. फार थंड केली की शेनिनचा वास बंद होतो आणि उरतो नुसता आंबटपणा. "वूव्रे आंबट लागली" या तक्रारीमागे बरेचदा चार अंशांवरून थेट ग्लासात ओतलेली बाटली असते.

घरच्या फ्रिजमध्ये ३ तास ठेवा. आत ४-५ अंश असतात, म्हणून ब्रूत तशीच उघडा. सेक १५ मिनिटं आणि गोड प्रकार २० ते २५ मिनिटं आधी बाहेर काढा. मे महिन्यात मुंबईत त्यातली पाच-सात मिनिटं कमी करा.

घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ. २० मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका. खड्यांमधली हवा उष्णता ओढत नाही, पाणी ओढतं. बाटली गळ्यापर्यंत बुडाली पाहिजे, नाहीतर पहिला ग्लास कोमट निघतो. फ्रीझरमध्ये विसरलेली साधी बाटली बूच वर ढकलते. फेसाळ बाटली फुटू शकते.

उघडताना

साध्या बाटलीचा पत्रा ओठाच्या खालच्या कडेला कापा, वरच्या नाही; नाहीतर वाइन पत्र्याला लागून ओघळते. कॉर्कस्क्रूचं टोक बुचाच्या मध्यावर ठेवा आणि शेवटचा वेढा बाहेर राहील इतकंच फिरवा. आरपार गेलं की बुचाचा भुगा वाइनमध्ये पडतो. वीसेक वर्षं जुन्या बाटलीचं बूच ठिसूळ असतं; तिथे दोन पात्यांचं उपकरण वापरा, जे बूच न भोसकता दोन्ही बाजूंनी धरतं. तुकडे झालेच तर चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळा, बिघडत काही नाही.

फेसाळ बाटली आधी पुरेशी थंड हवी. कोमट बाटलीतला दाब जास्त असतो आणि अर्धी वाइन टेबलावर जाते. तारेची कडी अर्ध्या-अर्ध्या वळणाने सहा वेळा फिरवली की जाळी सैल होते. त्या क्षणापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली ४५ अंशांत तिरकी धरा, तोंड माणसांकडे नको, आणि बूच घट्ट पकडून बाटली फिरवा, बूच नाही. आवाज उसाशासारखा आला तर जमलं.

ग्लास साधा पांढऱ्या वाइनचा, तळाला थोडा फुगीर. फेसाळ वूव्रेही त्यातच घ्या. उंच निमुळत्या ग्लासात बुडबुडे छान दिसतात पण वास कळत नाही. एकावेळी १२० ते १५० मिलिलिटर ओता, म्हणजे एका बाटलीत पाच ते सहा ग्लास.

खराब आहे की अशीच असते?

तरुण वूव्रेला सफरचंद, नाशपाती आणि क्विन्सचा वास येतो. क्विन्स म्हणजे नाशपातीच्या कुळातलं कडक, तुरट, फार सुगंधी फळ. कॅमोमाइलचा, कधी ओल्या लोकरीचा वासही येतो. लोकर हा दोष नाही, शेनिनची खूण आहे. वय वाढतं तसा मध, मेण आणि भाजलेल्या बदामाकडे कल जातो आणि रंग गर्द सोनेरी होतो.

काडेपेटीच्या गुलासारखा वास आला तर तो सल्फरचा. गोड वाइन पुन्हा आंबू नये म्हणून सल्फर थोडं जास्त वापरावं लागतं. ग्लास हलवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बहुतेकदा उडून जातो. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक. निरुपद्रवी, फक्त शेवटचे दोन घोट ग्लासात ओतू नका.

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद पडलेल्या तळघराचा वास मात्र बुचाचा दोष आहे. तो उडत नाही, उलट वाढतो. बाटली दुकानात परत करा. आणि दोन-तीन वर्षांच्या सेकला तपकिरी रंग आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाची चव आली असेल तर बाटली कुठेतरी उन्हात किंवा गरम गोदामात पडलेली होती. आपल्याकडे आयात बाटल्यांत हा दोष वारंवार सापडतो. म्हणून दुकानात खिडकीजवळ उभी ठेवलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

तूरच्या ताटात काय असतं

तूरचं सगळ्यात घरगुती खाणं म्हणजे रिलेत: डुकराचं मांस स्वतःच्याच चरबीत तासन् तास शिजवून, तंतू मोकळे करून, पावावर फासायचं. इतक्या स्निग्ध पदार्थाला आंबट, ड्राय वूव्रे सेक कापत जाते. दुसरं म्हणजे सँत-मोर द तुरेन, बकरीच्या दुधाचं लांबट चीज, राख चोळलेलं, मधून राय धान्याची काडी घातलेलं. त्याच्याबरोबर सेक किंवा दमी-सेक. लाल वाइन इथे कडू पडते. क्रीममधली कोंबडी आणि अळंबी यांना दमी-सेक. सफरचंदाच्या तार्त तातँला म्वालो. निळ्या बुरशीच्या चीजलाही म्वालोच. खारट आणि गोड यांची गट्टी जमते.

तिसरं जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे: नदीतल्या माशावर बर ब्लाँ, म्हणजे 'पांढरं लोणी'. हा ल्वारकाठचाच सॉस. तिथे सांद्र नावाचा गोड्या पाण्यातला मासा वापरतात. इथे जिताडा किंवा रावस चालेल. चार जणांसाठी:

बारीक चिरलेले शॅलॉट ६० ग्रॅम (न मिळाल्यास सांबारचे छोटे कांदे), वूव्रे सेक १०० मिलिलिटर, व्हाइट वाइन व्हिनेगर ४० मिलिलिटर, बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम, फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, दोन सेंटिमीटरचे तुकडे करून.

जाड बुडाच्या छोट्या भांड्यात कांदा, वाइन आणि व्हिनेगर मध्यम आचेवर ठेवा. सहा ते आठ मिनिटांत दोन मोठे चमचे द्रव उरेल. कांदा लाल होता कामा नये. आता आच अगदी मंद करा आणि बटरचे दोन-तीन तुकडे घालून व्हिस्कने सतत फेटा. ते विरघळत आले की पुढचे. सगळं बटर जाईपर्यंत भांडं आचेवरून उचलत-ठेवत राहा. सॉस पातळ कस्टर्डसारखा दाटसर दिसला पाहिजे. चवीपुरतं मीठ, आणि हवं तर गाळून घ्या.

फसतो कुठे? ६० अंशांच्या वर गेला की तेल सुटतं. बोट बुडवल्यावर चटका बसत असेल तर फार गरम झालाय. कडेला पिवळं तेल दिसताक्षणी खाली उतरवा आणि चमचाभर बर्फाचं पाणी घालून जोरात फेटा; लवकर पकडलं तर सावरतो. पूर्ण गार झालेला सॉस पुन्हा गरम करायला गेलात तरी फाटतो. पंधरा मिनिटं टिकवायचा असेल तर गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये ओता. खारं बटरच असेल तर वेगळं मीठ घालू नका. आणि तुपाने हा सॉस होत नाही: तुपात पाणी आणि दुधाचे घन पदार्थ उरलेले नसतात, त्यामुळे मिलाफ धरत नाही.

मासा वाफवलेला किंवा तव्यावर हलका परतलेला हवा. त्याला हळद-तिखट लावलंत तर सॉसची चव हरवते.

आपल्या ताटाशी जुळवताना

तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर बाकीचं आपोआप सुचतं. तिखटाची आग अल्कोहोलने आणि बुडबुड्यांनी वाढते, गोडीने शमते. पदार्थ वाइनहून आंबट असेल तर वाइन पाणचट लागते. पदार्थ वाइनहून गोड असेल तर वाइन आंबट लागते.

त्यामुळे नारळाच्या दुधातलं कोळंबीचं सौम्य कालवण आणि दमी-सेक ही जोडी फार चांगली. नारळाचा स्वतःचा गोडवा वाइनच्या गोडव्याला धरून असतो. रव्यात घोळून तळलेलं पापलेट किंवा बोंबील, वर लिंबाचे दोन थेंब: सेक. कोथिंबीर वडी, अळूवडी, तांदळाच्या पिठात घोळवलेली भजी: ब्रूत, कारण फेस तेलकटपणा धुऊन काढतो. पण वड्याबरोबरची लसणाची सुकी चटणी त्या घासापुरती बाजूला ठेवा.

सोलकढी आणि कोकमाचं सार यांच्याशी कुठलीच वूव्रे टिकत नाही. मिसळ, तांबडा रस्सा यांच्याबरोबर हा खर्च करू नये. थंड ताक बरं. सणाच्या गोडाचं काय, असं हमखास विचारलं जातं. पुरणपोळी बहुतेक म्वालोपेक्षा गोड असते आणि बासुंदी, श्रीखंड तर नक्कीच. अशा वेळी गोड वूव्रे पक्वान्नाबरोबर न घेता एकटीच, किंवा खारवलेल्या बदामांबरोबर प्या.

उरलेली आणि ठेवलेली

उघडलेली सेक बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. म्वालो आठवडाभर, कधी जास्त. फेसाळ बाटलीला घट्ट चापाचं झाकण हवं, तरी दुसऱ्या दिवशी संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवल्याने फेस टिकतो हा समज खोटा आहे.

न उघडलेल्या बाटल्या आडव्या, अंधारात, १२ ते १४ अंशांत. आपल्या घरांत याचा अर्थ वाइनचं छोटं कपाट किंवा फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा, तोही काही महिन्यांपुरता. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एक उन्हाळा काढलेली बाटली संपली असं समजा. साधी सेक तीन-चार वर्षांत प्या. मोठ्या घराण्यांच्या बाटल्यांचा एक हट्ट असतो: सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्या छान खुललेल्या असतात, मग काही वर्षं मिटतात, वास-चव दोन्ही गप्प, आणि दहाच्या पुढे पुन्हा उघडतात. पाच-सहा वर्षांची महाग बाटली नीरस लागली तर दोष तिचा नाही, वेळेचा आहे. त्याच सालाची दुसरी बाटली असेल तर राहू द्या.

तिथे जायचं असेल तर

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने सुमारे तासाभरात तूरजवळच्या सँ-प्येर-दे-कोरला उतरता येतं. पोचण्याआधी गाडी एका बोगद्यात शिरते. त्याच्या डोक्यावर वूव्रेचे मळे आहेत. रेल्वेमार्ग मळ्यांतून उघडा जाणार होता तेव्हा ह्युए घराण्याचे गास्तों ह्युए गावचे महापौर होते आणि त्यांनी त्याविरुद्ध लढा दिला. मार्ग जमिनीखालून गेला.

तळघरं बघायला आधी फोन किंवा ईमेल करा. रविवारी आणि तोडणीच्या दिवसांत अनेक ठिकाणं बंद असतात किंवा कोणाला वेळ नसतो. चव घेताना क्रम ब्रूत, सेक, दमी-सेक, म्वालो असाच ठेवा. गोडीवरून मागे आलात तर सेक व्हिनेगर वाटेल. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं असभ्य समजलं जात नाही, उलट गाडी चालवणाऱ्याने वापरावंच. आणि तळघरात उन्हाळ्यातही १२ अंश, म्हणून सोबत स्वेटर हवा.

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही. दोन्ही चेक-इन सामानात, प्रत्येकी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या मधोमध, एकमेकींना न टेकता. एक सेक आणि एक म्वालो आणा. तिसरी तूरमध्येच, पाव आणि रिलेतबरोबर.